नवा घोडा ठाणावर येतो तेव्हा: पहिले काही आठवडे

घोडा विकत घेताना माणूस त्याचे पाय बघतो, दात बघतो, चाल बघतो, किमतीवरून घासाघीस करतो आणि व्यवहार पुरा झाला की सुटकेचा निःश्वास टाकतो. घोड्याच्या बाजूने पाहिले तर त्याच दिवशी त्याचे सोबती, त्याचे ठाण, ओळखीच्या पाण्याची चव, वैरणीचा वास, खरारा करणारा हात आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळा असे सगळेच एकदम सुटलेले असते. घोडा हा कळपाने राहणारा आणि मुळात शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे ओळखीची जागा आणि ओळखीचे सोबती हीच त्याच्या निर्धास्तपणाची दोन मुळे असतात. ती दोन्ही उपटून आपण त्याला आणलेले असते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांसाठी एकच नियम पुरेसा आहे: जे बदल टळण्यासारखे नव्हते ते झालेच, त्यांत आपण होऊन भर घालायची नाही, आणि जो बदल करणे भागच आहे तो एका वेळी एकच करायचा.

या नियमामागे दयेइतकेच व्यवहाराचे कारण आहे. फार पूर्वी एक घोडी आणल्यावर पहिल्या चार दिवसांतच मी तिची चंदी (धान्याचा खुराक) बदलली, नाल बदलले, जंताचे औषध पाजले आणि शेजारचा घोडाही बदलला. पाचव्या दिवशी तिने खाणे सोडले. पशुवैद्यांनी विचारले, ‘काय बदलले?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर होते ते ‘सगळेच’, आणि त्या उत्तराचा त्यांना काडीइतकाही उपयोग नव्हता.

आणण्याआधी

जुन्या मालकाकडून कागदपत्रांइतकीच महत्त्वाची माहिती म्हणजे घोड्याची दिनचर्या. तो काय खातो, किती वाजता खातो, रात्री बंद ठाणात असतो की मोकळा, एकटा असतो की जोडीने, कोणत्या बाजूने पकडू देतो, बांधून ठेवल्यास स्थिर उभा राहतो की दोर ओढतो, शेवटची नालबंदी कधी झाली, दात कधी पाहिले, धनुर्वात व फ्लूच्या लसी कधी टोचल्या, जंताचे कोणते औषध कधी दिले, हे सारे लिहून घ्यावे. चंदीचे प्रमाण ‘दोन डबे’ असे सांगितले गेले तर तो डबा तराजूवर ठेवून वजन घ्यावे, कारण एकाच मापाच्या डब्यात ओट्स आणि कोंडा यांचे वजन कितीतरी वेगळे भरते. शक्य असेल तर त्याच्या तोंडाला सवय असलेली लगामाची कडी विकत मागावी, आणि दोन आठवडे पुरेल इतकी त्याची चंदी व वाळलेले गवत सोबत आणावेच. चंदी आणणारे पुष्कळ असतात, गवत मात्र बहुतेक जण विसरतात, आणि घोड्याच्या पोटाच्या दृष्टीने गवत हेच मुख्य अन्न असते.

ठाणाची तयारी थोडक्यात सांगता येते. मध्यम बांध्याच्या घोड्याला साधारण ३.६ मीटर लांब व तितकीच रुंद जागा, हवा खेळती पण झोत अंगावर न येणारी, खाली जाड आणि कोरडे अंथरूण, भिंतीतून कुठे खिळा किंवा पत्र्याची कड बाहेर आलेली नाही ना याची हाताने चाचपून केलेली खात्री, आणि आवाराच्या कुंपणालगत कण्हेरीसारखी विषारी झाडे नाहीत याची पाहणी. कण्हेरीची थोडीशी पानेही घोड्याला प्राणघातक ठरतात, आणि वाळल्यानंतरही त्यांचे विष उतरत नाही.

पोहोचल्याचा दिवस

घोडा दिवसाउजेडी पोहोचेल असा प्रवास आखावा, म्हणजे नव्या जागेच्या कडा, दारे आणि शेजारी त्याला अंधार पडण्याआधी नजरेखालून घालता येतील. गाडीतून उतरताच पाणी समोर ठेवावे आणि गवत उंच टोपलीत न टांगता जमिनीवरच टाकावे. यामागे ठोस कारण आहे. लांबच्या प्रवासात मान वर बांधलेली राहिली की श्वासनलिकेत शिरलेली धूळ आणि जंतू बाहेर पडत नाहीत, ते खाली फुप्फुसांकडे सरकतात, आणि त्यातून पुढच्या एक ते तीन दिवसांत फुप्फुसांचा गंभीर दाह होऊ शकतो. मान खाली घालून चरू लागला की हा साचलेला मळ आपोआप नाकावाटे वाहून जातो. त्या दिवशी धान्याची भरपूर चंदी देऊ नये, गवत आणि पाणी हवे तेवढे द्यावे. नवा घोडा पाहायला येणारी मंडळी दोन-तीन दिवसांनी आली तरी काही बिघडत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

तो ठाणात फेऱ्या घालेल, खिंकाळेल, फुरफुरेल, लीद पातळ टाकेल. पहिल्या काही तासांत हे सारे अपेक्षितच असते. त्याला समजावण्यासाठी आत-बाहेर करत राहण्यापेक्षा दाराशी बसून आपले एखादे साधे काम करत राहावे. घाई नसलेला माणूस जवळ असणे त्याला पुरते.

तीन आठवडे वेगळे ठाण

आवारात आधीचे घोडे असतील तर नव्याला किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे, मग तो कितीही तुकतुकीत दिसो. घशाच्या गाठी सुजवणारा ‘स्ट्रँगल्स’ हा जंतुजन्य आजार लागण झाल्यावर साधारण ३ ते १४ दिवसांनी दिसू लागतो, आणि काही घोडे कोणतेही लक्षण न दाखवता त्याचे जंतू घशालगतच्या पोकळ्यांमध्ये महिनोन् महिने बाळगत असतात. त्यासाठी पशुवैद्याकडून तपासणी करून घेता येते. या काळात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घ्यावे. प्रौढ घोड्याचे निरोगी तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते, विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. नाकातून पू वाहू लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच ताप चढलेला असतो, त्यामुळे तापमापक हा इथे डोळ्यांपेक्षा आधी बोलतो. शिवाय या नोंदींतून या विशिष्ट घोड्याचे नेहमीचे आकडे हाती लागतात आणि ते पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

त्याच्या बादल्या, खराऱ्याचे ब्रश, फावडे वेगळे असावे, त्याचे काम सर्वांत शेवटी करावे आणि नंतर हात धुवावेत. मात्र वेगळे ठेवणे आणि एकांतात कोंडणे यांत फरक आहे. दुसरे घोडे त्याला दिसतील, ऐकू येतील, पण नाकाला नाक लागणार नाही आणि शिंक पोहोचणार नाही, इतके अंतर राखले तर आरोग्याचीही काळजी घेतली जाते आणि मनाचीही. नजरेच्या टप्प्यात एकही घोडा नसलेल्या कोपऱ्यात नव्या जनावराला ठेवले तर ते दिवसभर कुंपणालगत धावत राहते, अंगावरचे मांस उतरते आणि मग आपण चंदी वाढवतो, म्हणजे चूक दुप्पट होते.

जंताचे औषध अंदाजाने पाजण्यापेक्षा लिदीतील अंडी मोजून पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे, आणि दिल्यानंतर दोन-तीन दिवस घोडा कुरणात सोडू नये, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची अंडी आपल्या जमिनीत उतरणार नाहीत.

पोट, म्हणजे खरा प्रश्न

रुळण्याच्या काळातली बहुतेक मोठी संकटे पोटातूनच येतात, म्हणून इथे जरा थांबावे लागेल. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल चोवीस तास स्रवत राहते, त्याने खाल्ले असो वा नसो. चघळताना सुटणारी लाळ आणि जठरात पडलेले गवत हेच त्या आम्लाला उत्तर असते. ताण आणि रिकामे पोट एकत्र आले की जठरात व्रण पडू लागतात. त्याला उलटीही करता येत नाही, त्यामुळे जे पोटात गेले त्याला पुढे सरकण्यावाचून मार्ग नसतो. पुढे मोठ्या आतड्यात गवत पचवण्याचे काम सूक्ष्मजीव करतात, आणि हे सूक्ष्मजीव ज्या अन्नावर पोसलेले असतात त्याच अन्नाला सरावलेले असतात. अन्न एकदम बदलले की त्यांतले काही मरतात, काही बेसुमार वाढतात, वायू आणि आम्ल साठते, आणि त्याची परिणती पोटशुळात किंवा खुरांच्या दाहात होते.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, गवत जवळजवळ सतत समोर असावे आणि चार तासांहून अधिक वेळ पोट रिकामे राहू देऊ नये. कोरड्या वजनाच्या हिशेबाने शरीराच्या दीड ते दोन टक्के वैरण रोज हवी, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साधारण ७.५ ते १० किलो. दुसरी, सोबत आणलेल्या चंदीत आणि गवतात आपले नवे अन्न थोडे थोडे मिसळत जावे: तीन-चार दिवस पाव हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण, आणि दोन आठवड्यांच्या अखेरीस पूर्ण. गवत आणि चंदी दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. आधी गवताचा बदल पुरा होऊ द्यावा, त्यानंतर चंदीला हात घालावा. सोबत आणलेले गवत संपत आले असेल तर बदल घाईने उरकण्यापेक्षा जुन्या मालकाकडून आणखी दोन-चार पेंढ्या मागवणे परवडते. तिसरी गोष्ट अशी की, काम बंद असताना कामाच्या घोड्याची चंदी चालू ठेवू नये. प्रेमापोटी जास्तीचे धान्य घालणारा मालक तीन आठवड्यांनी ‘घोडा फार उसळतो’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा बिचाऱ्या घोड्याच्या स्वभावाला उगाच नावे ठेवली जातात.

हिरव्या, लुसलुशीत कुरणाचेही तसेच आहे. आधी सुक्या गवतावर असलेल्या घोड्याला पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच चरू द्यावे आणि वेळ हळूहळू वाढवावी. पूर्वी खुरांचा दाह झालेला किंवा मानेवर चरबी साठलेला घोडा असेल तर पशुवैद्याला विचारल्याखेरीज सोडूच नये.

पाण्याकडे याहून अधिक लक्ष हवे. मध्यम आकाराचा घोडा दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी पितो, उन्हात किंवा कामावर त्याहून जास्त, पण चव बदलली की काही घोडे पाण्याला तोंडच लावत नाहीत. पाणी कमी पडले की आतड्यातला चोथा घट्ट होऊन अडकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात आपोआप भरणाऱ्या हौदापेक्षा बादलीने पाणी द्यावे, म्हणजे किती प्याला हे मोजता येते. तो टाळाटाळ करत असेल तर गवत भिजवून द्यावे आणि चंदीत थोडे मीठ घालावे.

लीद मोजण्याची सवय लावून घ्यावी. चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा लीद पडते. ती एकदम कमी झाली, कडक व लहान गोळ्यांची झाली, घोडा खाणे सोडून पुढच्या पायाने जमीन खरडू लागला, वळून वळून कुशीकडे पाहू लागला, वरचा ओठ उलटा करू लागला, उठबस करू लागला किंवा लोळू लागला, तर तो पोटशूळ समजावा, समोरचे अन्न काढून घ्यावे आणि तत्काळ पशुवैद्याला बोलवावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

झोप

घोडे उभ्याने झोपतात हे सर्वांना ठाऊक असते, पण ते अर्धेच खरे आहे. हलकी डुलकी उभ्याने होते, गाढ झोपेचा एक टप्पा मात्र आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यासाठी दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक तास घोड्याला जमिनीवर पडावे लागते. जिथे तो निर्धास्त नसतो तिथे तो आडवा होत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री तसे होणे स्वाभाविक आहे. दोन आठवडे उलटूनही अंगाला, अयाळीला किंवा शेपटीला अंथरुणाच्या काड्या चिकटलेल्या दिसत नसतील, दिवसा उभ्या उभ्या गुडघे मुडपून कोसळायला होत असेल, पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून खरचटलेले दिसत असेल, तर त्याची झोप होत नाही असे समजावे. मग कारण शोधावे: अंथरूण पातळ आहे का, जागा अपुरी आहे का, रात्री जवळ कोणी सोबती नाही का, की सांधे दुखत असल्यामुळे उठता-बसता येत नाही? सकाळी अंगाला काड्या लागलेला घोडा दिसला की मला खराऱ्याच्या जास्तीच्या कामाचे काहीच वाटत नाही.

हात, आवाज आणि ओळख

पहिल्या आठवड्यात शक्यतो एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी, त्याच क्रमाने काम करावे. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोर आणि थेट शेपटीमागे त्याची नजर पोहोचत नाही, म्हणून बोलत बोलत, खांद्याच्या दिशेने जावे आणि पहिला हात चेहऱ्यावर न ठेवता मानेच्या बुडाशी किंवा खांद्यावर ठेवावा. तिथे, अयाळीच्या मुळाशी, घोडे एकमेकांना खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्याच्या नाडीचे ठोकेही मंदावतात. थोपटण्यापेक्षा खाजवणे त्याला अधिक कळते.

दरवेळी पकडले की काहीतरी नकोसे घडते असे होऊ नये. हॉल्टर, म्हणजे तोंडावर चढवायची मोहरकी, चढवावा, दोन पावले चालवावे, खाजवावे, हॉल्टर काढून निघून जावे, असे दिवसातून एक-दोनदा केले तर पुढे कुरणातून पकडण्याची कटकट उरत नाही. खाऊ हातातून देण्याऐवजी भांड्यात टाकावा, नाहीतर अनोळखी जागेत बावरलेला घोडा खिशाशी दात लावायला लवकर शिकतो. बांधताना दोर थेट भिंतीच्या कडीला न बांधता ताणाने तुटेल अशा सुतळीच्या वळ्याला बांधावा, कारण घाबरून मागे ओढणाऱ्या घोड्याची मान दुखावण्यापेक्षा सुतळी तुटलेली बरी.

कुरण आणि कळप

मोकळे सोडण्याआधी त्याला हॉल्टर लावून कुंपणाच्या कडेकडेने चालवावे, पाण्याची जागा आणि दार दाखवावे. कुंपण विजेच्या तारेचे असेल तर रुंद पांढरी पट्टी लावून ते डोळ्यांना दिसेल असे करावे. पहिले काही दिवस लहान वाड्यात सोडावे, म्हणजे उधळला तरी वेग घेण्याइतकी जागा मिळत नाही.

वेगळेपणाचा काळ संपल्यावर दुसऱ्या घोड्यांशी गाठ आधी भक्कम कुंपणापलीकडून घालून द्यावी. काही दिवसांत कान मागे पाडणे, किंचाळणे, पाय आपटणे कमी झाले की कळपातल्या सर्वांत शांत घोड्याबरोबर त्या दोघांनाच मोकळ्या, अडचणीचे कोपरे नसलेल्या कुरणात सोडावे, आणि ती जोडी जमल्यावर दोघांना मिळून कळपात न्यावे. सोडण्यापूर्वी मागचे नाल काढून घेतले तर लाथेने हाड मोडण्याचा धोका बराच कमी होतो. घोडे जितके असतील त्यापेक्षा गवताचे ढीग एक-दोनने जास्त, आणि एकमेकांपासून लांब, ठेवावेत. पाठलाग, चावे घेण्याचा आव आणि एखाददुसरी हवेतली लाथ ही घोड्यांची आपसातली बोलणी असतात, त्यांत माणसाने पडू नये. एखाद्याला पाण्यावर किंवा गवतावर येऊच दिले जात नसेल, किंवा कोपऱ्यात कोंडून मारले जात असेल, तर मात्र लगेच वेगळे करावे.

नव्या घोड्याचा एकाच सोबत्याशी इतका जीव जडतो की त्या सोबत्याला बाहेर काढताच नवा घोडा ठाण डोक्यावर घेतो. यावर उपाय लहान लहान ताटातुटींचा आहे: आधी नजरेआड न करता दहा पावले, मग अर्धा मिनिट आडोशाला, आणि तो शांत असतानाच परत. एकदम तासाभरासाठी तोडले तर भीती पक्की होते.

काम कधी सुरू करावे

याला तारखेचे उत्तर नाही. खाणे, पिणे, लीद आणि झोप चारही जागेवर आली, तापमान सरळ आहे, म्हटल्यावर हातात दोर धरून आवारात चालवण्यापासून सुरुवात करावी. काही घोडे चार दिवसांत इथवर येतात, काहींना महिना लागतो. पहिल्या स्वाऱ्या थोड्या वेळाच्या, जुन्या मालकाच्या पद्धतीच्या, लगामाच्या जुन्याच कडीच्या असाव्यात, आणि बाहेरच्या रस्त्यावर पहिल्यांदा जाताना सोबत एक मुरलेला घोडा असावा. नालबंदी आणि दातांची तपासणी ही कामेही, नाल सैल नसेल आणि दुखणे दिसत नसेल तर, पहिला आठवडा सोडून वेगवेगळ्या दिवशी ठेवावीत. खुरांना दर सहा ते आठ आठवड्यांनी हात लागायला हवा, एवढा हिशेब मात्र चुकू देऊ नये.

पहिले दोन-तीन आठवडे गाईसारखा वागलेला घोडा चौथ्या आठवड्यात बुजायला, अडायला किंवा उसळायला लागला की मालक फसवले गेल्यासारखा चिडतो. कधी कधी तसे असतेही, पण बहुतेक वेळा आधीचा शांतपणा हा खरा शांतपणा नसून गोठून जाणे असते, आणि आता कुठे तो आपले म्हणणे मांडू लागलेला असतो. अशा वेळी चाबूक उचलण्याआधी क्रमाने तपासावे: चंदी कामापेक्षा जास्त होते आहे का, तोंडात दाताची धार लागते आहे का, पाठीवर हात फिरवताना तो कुठे दबतो का, खोगीर मागे-पुढे सरकते का.

खोगिराबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. नव्या वैरणीने आणि वेगळ्या कामाने घोड्याच्या पाठीचा आकार दोन-तीन महिन्यांत बदलतो, त्यामुळे आणल्या दिवशी नीट बसलेले खोगीर तेव्हा बसेलच असे नाही. दर पंधरवड्याला छातीचा घेर फितीने मोजून वहीत लिहावा, आणि घेरात किंवा पाठीच्या गोलाईत ठळक फरक दिसला की पुढच्या स्वारीआधी खोगीर तपासून घ्यावे.